टर्बोचं उघडं तोंड

धुळे,
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय ज्योती,

तू मागवलेले दोन ऑइल फिल्टर आणि होजपाइप या खोक्यात आहेत. हे पत्र मुद्दाम त्यांच्या खाली ठेवलं आहे. तुझा फोन दिवसभर मामांच्या उशाशी असतो आणि मामा सगळे मेसेज मोठ्यानं लावून ऐकतात. ही गोष्ट तुझ्या आबांच्या कानावर जायला नको.

आज आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात योगराज आला होता. हो, तोच. जळगावचं दुकान बंद करून आता धुळ्यात मोठं दुकान टाकतोय. गाड्या सजवायचं, गाड्यांचा वेग वाढवायचं सामान. दसऱ्याला उद्घाटन. स्वतःसाठी टर्बोची नवी गाडी घेतली आहे आणि तिला कंपनीचा हवेचा डबा काढून बाहेरचा उघडा इनटेक बसवायचा आहे. म्हणजे बॉनेट उघडलं की चकचकीत पाइप दिसला पाहिजे आणि गाडी पळताना शीळ ऐकू आली पाहिजे. इनटेक माझ्याच हातानं मागवला. मग म्हणतो, "दिपमाला, बसवणारा कोणी सांग. माझा मिस्त्री पळून गेला. हात साफ पाहिजे."

मी तुझं नाव सांगितलं. "ज्योती, भुसावळला शिकलेली," एवढंच. आडनाव सांगितलं नाही, मामांचं तर मुळीच नाही. तुला त्यानं कधी पाहिलेलं नाही.

आता नीट वाच. इनटेक बसव, छान बसव. फक्त टर्बोच्या जवळचा, पाइप आवळणारा एक क्लॅम्प सैल ठेव. अर्धा फेरा. बस. त्याची गाडी मरू दे, जशी त्यानं मामांची इज्जत मारली.

हो म्हण.

तुझी,
दिपाताई

नशिराबाद,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय दिपाताई,

तुझं पत्र मी शेडमध्ये, खोक्यावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर खोकं बंद केलं, पुन्हा उघडलं आणि पत्र आत आहे ना ते पाहिलं. असं तीनदा झालं.

तीन वर्षं झाली तरी आबा सकाळी उठले की तेच विचारतात. "ज्योती, तो बोल्ट मी कसला व्हता का वं?" मी तेव्हा भुसावळला होते, मला काय माहीत? एरंडोलच्या कापसाच्या जिनिंगवाल्या लीलाधर शेठच्या गाडीचं ऑइल आबांनी बदललं, टर्बोकडे जाणारी ऑइलची नळी गळत होती म्हणून तिचा बोल्ट काढून पुन्हा लावला, आणि दोन दिवसांनी गाडी पाळधीच्या पुढे बंद पडली. हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पात्यांचे तुकडे इंजिनात गेले. शेठच्या गाड्या सजवणारा योगराज म्हणाला, बोल्ट सैल राहिला, टर्बोला ऑइल मिळालं नाही. त्यानं टर्बो स्वतःच काढला आणि कोणी बघायच्या आत भंगारात टाकला. आबांना आठवेना. सत्तावीस वर्षं बोल्ट कसून झाल्यावर त्याला दोनदा हात लावून बघणारा माणूस, पण त्याला एवढा एक बोल्ट आठवेना. म्हणून एरंडोलच्या जिनिंगच्या आवारात चाळीस माणसांसमोर त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी गॅरेजची पाटी उतरवली. तेव्हापासून त्यांनी पान्हा धरलेला नाही.

तू त्या वेळी योगराजच्या काउंटरवर होतीस आणि आबांसाठी नोकरी त्याच्या तोंडावर फेकून आलीस, हे मी विसरलेले नाही. आमच्या घरात तुझं नाव निघालं की आबा अजून कौतुकानं मान हलवतात.

पण क्लॅम्पचं सांगते. सैल क्लॅम्पमधून फिल्टर चुकवून धूळ आत जाईल. आपल्या काळ्या मातीची धूळ. टर्बो सहा महिने, आठ महिने खराब होत राहील. एक दिवस गाडी हायवेवर मरेल. त्यात कोण बसलेलं असेल, ठाऊक नाही. आणि योगराजला कळणारही नाही की कशानं झालं. ज्याला कळतच नाही त्याला शिक्षा कसली?

त्याला कळलं पाहिजे, असं मला वाटतं. चाळीस माणसांना कळायला हवं आहे.

एक विचारते. गाडी बंद पडली त्या दिवशी तू योगराजच्या दुकानातच होतीस ना? गाडी तिथूनच निघाली. तू काही पाहिलंस का?

ज्योती

धुळे,
२६ सप्टेंबर २०२४

ज्योती,

काय पाहणार मी? मी जेवायला गेले होते. परत आले तेव्हा गाडी गेलेली होती. हे मी मामांना तेव्हाच सांगितलं होतं, तुला कोणी सांगितलं नाही का?

तुझं लांबलचक पत्र वाचून मला हसू आलं. बोल्टला तू दहादा हात लावशील, पण सूड घ्यायचा म्हटला की तुला हायवेवरची माणसं आठवतात. तुझ्या आबांना चाळीस माणसांसमोर उभं करताना योगराजला कोणती माणसं आठवली होती? भित्री ती भित्रीच राहणार. लहानपणी गलोल हातात असायची आणि आंबा पाडायच्या आधी मालकाची परवानगी मागायला जायचीस.

अजून एक ऐक. उद्घाटनाला पाहुणा कोण, माहीत आहे? लीलाधर शेठ. ज्याची गाडी मारली त्याच्याच हातून फीत कापून घेणार! शेठ त्याला अजून आपला माणूस समजतो, कारण नवी गाडी त्यानंच शोधून दिली.

इनटेक दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळीच येणार आहे. म्हणजे काम दसऱ्याला सकाळीच करावं लागेल. अकरा वाजता पाहुणे. मी येणार नाही. आमच्या दुकानाची पूजा असते आणि मला त्याचं तोंड बघायचं नाही.

बोलायला जाऊ नकोस. बोलून काही होत नाही, तो हसण्यावारी नेईल. क्लॅम्प सैल कर आणि परत ये. शब्द वाया घालवू नकोस.

दिपाताई

नशिराबाद,
३ ऑक्टोबर २०२४

दिपाताई,

मी येते.

काल एका गिऱ्हाइकाची गाडी माझ्याकडे होती. मी क्लॅम्प कसला, मग अर्धा फेरा सैल केला आणि बोटांनी पाइप हलवून बघितला. बाहेरून काही कळत नाही. सहज जमतं. मला माझीच भीती वाटली, म्हणून क्लॅम्प पुन्हा कसला आणि गिऱ्हाइकाला न विचारता गाडी दोन किलोमीटर फिरवून आणली.

मी सैल ठेवीन की नाही ते आज सांगत नाही. राग आहे, खूप आहे. भाजी चिरताना आहे, आबांना चष्मा शोधून देताना आहे. पण तो राग माझ्या हातात उतरला तर मी आबांची मुलगी राहणार नाही, योगराजची शिष्या होईन.

दसऱ्याचं कसं करायचं, ते कळत नाही. त्या दिवशी पान्हे देवासमोर असतात. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हे मी चालायला लागले तेव्हापासून ऐकते आहे. आबांना सांगितलं, धुळ्यात एक अडलेलं काम आहे. त्यांनी आपली पेटी पुढे ओढली. मग म्हणाले, "माह्या पेटीची पूजा मी करतो. तुही पेटी तू घेऊन जाय, तिची दुसऱ्या दिशी करू. पन ध्यानात ठेव, टर्बोचं तोंड उघडं टाकून पानी प्यालेही जायचं नही."

कोणाची गाडी, ते त्यांनी विचारलं नाही.

ज्योती

नशिराबाद,
१४ ऑक्टोबर २०२४

दिपमालाताई,

तुझे नऊ फोन आले. मी उचलले नाहीत, कारण आबा शेजारी होते आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. आता क्रमानं लिहिते.

पहाटेच्या बसनं निघाले, आठला योगराजच्या दुकानात पोचले. मंडप, झेंडूचे हार, एका रांगेत सजवलेल्या बारा-पंधरा गाड्या. योगराजनं मला वरून खाली पाहिलं. "आरे, पोरगी शे का मिस्त्री? बरं, दिपमाला म्हनस तं हात चांगलाच व्हई. अकराच्या आत सगळं चमकाले पाहिजे."

मी कामाला लागले. सेन्सरची वायर सोडवली, कंपनीचा डबा काढला, जुना पाइप काढला. टर्बोचं तोंड दिसलं तसं त्यावर झाकण बसवलं आणि वरून टेप गुंडाळली. योगराज चहा घेऊन उभा होता. तो एकदम हसायला लागला.

"एवढं कायले झाकतेस? मी तर एकदा या तोंडाला ओढणी बांधून गाडी सोडली होती!"

मी विचारलं, "ओढणी?"

त्याला कोणीतरी ऐकणारं हवंच होतं. लीलाधर शेठच्या आधीच्या गाडीला त्यानं असाच उघडा फिल्टर बसवला होता. जिनिंगच्या आवारात उडणाऱ्या कापसाच्या रुईनं तो सारखा चोंदायचा, म्हणून दर पंधरा दिवसांनी धुवायचा. त्या दिवशी धुतलेला फिल्टर वाळेना आणि शेठला घाई. "म्हटलं, एरंडोल काय लांब आहे? पाइपाच्या तोंडाला ओढणी बांधली, वरून रबर लावला. पाळधीच्या पुढे टर्बोनं ओढणीच गिळली!" तो चहा सांडेपर्यंत हसला. "शेठचा जीव घेईल असा राग. पण दोन दिवस आधी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं ऑइल बदललं होतं. नाव त्याच्यावर टाकलं. म्हातारा बी असा खुळा, लगेच हात जोडीसन उभा!"

दिपाताई, माझ्या हातात नवा पाइप होता. अर्धा फेरा, एक फेरा, सगळे फेरे मला आठवले. आणि मला ते सगळं पोरकट वाटलं. मी पाइप खाली ठेवला. पान्हे पुसले, मोजले, पेटीत ठेवले, पेटी बंद केली आणि तिच्यावर बसले.

साडेदहाला बँड आला. योगराज धावत आला. "झालं का?"

"नाही."

"आन किती वेळ?"

"तुम्ही शेठना ओढणीची गोष्ट सांगाल तेवढा."

आधी तो हसला. मग ओरडला. मग गोड झाला, "बेटा" म्हणाला. मग त्यानं फोन काढला आणि धुळ्यातल्या एकेका मिस्त्रीला लावायला सुरुवात केली. सहा जणांना लावला. सहाही जणांनी एकच सांगितलं. आज दसरा, पान्हे देवापुढे आहेत, आज हात लावणार नाही. शेवटच्यानं तर त्यालाच विचारलं, "भाऊ, आज गाडी खोलालेच कशी लावली?" त्यानं फोन खाली केला आणि मला विचारलं, "तू कोण शे?"

मी सांगितलं. त्याच्या तोंडाकडे बघत सावकाश सांगितलं. जीवराम मिस्त्रींची ज्योत्स्ना, नशिराबाद. त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही, पण मला तो अजून दिसतो, आणि दिसला की बरं वाटतं. हे खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात शेठ आले. गळ्यात हार, मागे शंभरेक माणसं. "काय रे योगराज, गाडीचं पोट फाडलेलं का?"

"शेठ, ही पोरगी अडून बसली..."

मी उभी राहिले. एक हात पेटीवर ठेवला. "शेठ, योगराजभाऊंना तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या जुन्या गाडीची. मघाशी मला सांगताना फार हसत होते."

"थट्टा शे शेठ, थट्टा!"

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. "मंग सांग ना. आम्हीबी हसू."

कोणी हसलं नाही. तो अडखळला, मी आठवण केली. त्यानं रबर गाळला, मी रबर सांगितला. त्यानं म्हातारा गाळला, मी म्हातारा सांगितला, आणि त्याचे जोडलेले हात सांगितले. चाळीसच्या जागी शंभर माणसं ऐकत होती आणि निम्म्यांच्या हातात फोन होते. शेठनी गळ्यातला हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि फीत न कापता निघून गेले. त्यांच्यामागे गाड्या एकेक करून निघाल्या.

मग मी पेटी उघडली आणि राहिलेलं काम पूर्ण केलं. मी तसं म्हटलं होतं. सेन्सर साफ केला, त्यावरच्या बाणाची दिशा बघून बसवला, पाइप बसवला, सगळे क्लॅम्प कसले, प्रत्येकाला दोनदा हात लावला. गाडी सुरू केली. शीळ स्वच्छ वाजली. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं, आणि मंडपात ते ऐकायला योगराजशिवाय कोणी नव्हतं. तो खुर्चीवर बसला होता. मी किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली.

संध्याकाळी शेठ नशिराबादला आले. आमच्या गल्लीत, सगळ्यांसमोर, त्यांनी आबांना आपट्याचं पान दिलं आणि माफी मागितली. आबांनी पान हातात धरलं. माझ्याकडे वळून विचारलं, "म्हंजे बोल्ट कसलेला व्हता?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. रात्री जेवताना घास हातात धरून त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

एक गोष्ट मी तिथे बोलले नाही. ओढणी कोणाची, हे योगराजनं शेठसमोर सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण चहा पिताना त्यानं मला सांगितलं होतं. "दिपमालाची. तुला पाठवणारीचीच! चांगली पोरगी. एक शब्द बाहेर बोलली नाही. दोन महिन्यांनी जाते म्हणाली तेव्हा धुळ्याच्या पार्टच्या दुकानात शिफारस मीच केली तिची."

आता तू सांग.

ज्योत्स्ना

धुळे,
१९ ऑक्टोबर २०२४

ज्योती,

मी जेवायला गेले नव्हते.

त्यानं कापड मागितलं. दुकानात सगळी तेलकट फडकी होती. मी ओढणी काढून दिली. हे चुकीचं आहे ते मला कळत होतं, मामांच्या घरची भाची मी, लहानपणापासून ऐकत आले. पण मालकानं चार जणांत मला विचारलं, याचंच मला अप्रूप वाटलं.

गाडी मेली तेव्हा तो म्हणाला, तुझी ओढणी होती, तूही अडकशील. जिनिंगच्या आवारात मामा हात जोडत होते तेव्हा मी गर्दीत होते. तोंड उघडलं होतं, आवाज निघाला नाही. संध्याकाळी तुमच्याच घरी आले. मामींनी ताट वाढलं. मामा म्हणाले, "पोरगी दमली असन, तिले आधी वाढ." मी जेवले. नोकरी तोंडावर फेकली वगैरे मी नंतर रचलं, आणि तुम्ही सगळ्यांनी ते इतक्या प्रेमानं खरं मानलं की मला परत फिरता येईना.

क्लॅम्प सैल ठेव म्हणून मी तुझ्या मागे लागले, कारण क्लॅम्प बोलत नाही. योगराज बोलतो.

सोबत मामांसाठी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात सगळं आहे. त्यांना अक्षर दिसत नाही, तू वाचून दाखव. मला समोर यायला सांगू नकोस, तेवढं माझ्याच्यानं होणार नाही. तू लहान असून तुझ्या पाया पडते.

दिपमाला

नशिराबाद,
२५ ऑक्टोबर २०२४

दिपमालाताई,

आबांसाठी लिहिलेलं तुझं पत्र या खोक्यात परत पाठवते आहे. मी ते वाचून दाखवणार नाही. तुझं बोलणं माझ्या तोंडून गेलं तर आबा आधी माझे डोळे पुसतील, आणि तुला धुळ्यात बसून हलकं वाटेल. तसं मी होऊ देणार नाही.

तू मला धुळ्याला धाडलंस एवढंच मी आबांना सांगितलं आहे, ओढणीशी तुझं नाव जोडलेलं नाही. त्यांनी विचारलं होतं, "ओढनी कोनाची व्हती?" मी म्हटलं, माहीत नाही. मी आबांशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही तुझ्यासाठी नाही. तुझ्या वाटणीचं काम मी करायचं नाही, म्हणून.

पाडव्याला, दोन नोव्हेंबरला, आबा गॅरेज उघडत आहेत. पाटी रंगवून झाली. आठ दिवसांपासून ते रोज पेटीतला एकेक पान्हा काढतात, घासतात आणि पुन्हा ठेवतात. लीलाधर शेठ येणार आहेत, त्यांच्या जिनिंगवरची माणसं येणार आहेत, गल्ली तर सगळीच.

काल मी आमंत्रणांची नावं लिहायला बसले तर आबा म्हणाले, "पहिलं नाव दिपमालाचं लिही. तिनं तुले तिथं धाडलं म्हून हे उजेडात आलं. माह्यासाठी पोरीनं नोकरीले लाथ मारली व्हती. नारळ तिच्याच हातून फोडाचा." आई हो म्हणाली. मी नाव लिहिलं.

तर हे आमंत्रण. सकाळी नऊ वाजता. न येण्याचं कारण कळवलंस तर ते मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन. ते आजारपणाचं असलं तर आबा पाटी बाजूला ठेवून पहिल्या बसनं धुळ्याला येतील, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. शुभ कामाच्या आधी मामा भाचीच्या पाया पडतो. आबांचे गुडघे आता वाकत नाहीत, मी त्यांना म्हटलं, नुसता नमस्कार करा. ते ऐकायला तयार नाहीत. मला धरायला सांगितलं आहे. मी त्यांना धरून सावकाश वाकवीन, सगळ्या माणसांसमोर, अगदी तुझ्या पावलांपर्यंत. वाकायला त्यांना बराच वेळ लागतो. तोंड उघडायला तेवढा वेळ तुझ्याकडे आहे.

ज्योत्स्ना